हात कोणाचा, बोल कोणाचा

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पेठेतून एक चक्कर मारावी. दुकानादुकानांत नव्या वह्या पाटावर मांडलेल्या असतात. वहीवर कुंकवाचे स्वस्तिक, पहिल्या पानावर 'श्री', शेजारी लेखणी. दौत जाऊन बॉलपेन आले, बहुतेक हिशेब संगणकात गेला, तरी त्या संध्याकाळपुरती एक तरी वही पाटावर येतेच. त्या वहीत वर्षभर लिहिणाऱ्या मुनिमाला आज कोणी लेखक म्हणणार नाही. लेखक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो कथा-कादंबऱ्या लिहिणारा आणि दिवाळी अंकात ज्याचे नाव छापून येते तो. पण सातशे वर्षांपूर्वीच्या मराठी माणसाला 'लेखक कोण?' असे विचारले असते, तर त्याने बोट दाखविले असते या मुनिमाकडे. कादंबरीकाराला त्याने दुसऱ्याच नावाने हाक मारली असती.

याचा पुरावा फार लांब शोधावा लागत नाही. छत्रपती संभाजीनगरहून नगरच्या वाटेला लागले, गोदावरी ओलांडली, की प्रवरेकाठी नेवासे येते. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली असे मानतात, तो पैसाचा खांब तेथे आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रचलित प्रतींत अखेरीस एक नोंद आढळते. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरांनी ही टीका केली आणि सच्चिदानंदबाबा मोठ्या आदराने तिचे 'लेखकु' झाले, असे ती सांगते. टीका करणारा एक आणि लेखकु दुसरा! सुमारे नऊ हजार ओव्यांचा हा ग्रंथ, आणि ज्ञानेश्वर त्याचे लेखक नव्हेत, असे खुद्द ग्रंथच म्हणतो.

हे सच्चिदानंदबाबा कोण? परंपरा सांगते ती अशी. ते नेवाशाचे कुलकर्णी. ज्ञानेश्वर गावात आले त्या वेळी त्यांची प्रेतयात्रा निघाली होती, पत्नी सती जावयास सिद्ध झाली होती. ज्ञानेश्वरांनी त्यांना उठविले, आणि उठलेल्या माणसाने तो जन्म लिहिण्याच्या कामी लावला. कथा खरी-खोटी कशीही असो, तिचा इशारा ध्यानात घ्यावा. आपल्या लोकांच्या मनात लेखक म्हणजे दुसऱ्याच्या बोलावर जगणारा माणूस होता.

जुन्या काळी ग्रंथ करणाऱ्याला कवी म्हणत, ग्रंथकर्ता म्हणत. लेखक, लिहिणार, चिटणीस, फडणीस, कुलकर्णी ही सारी लेखणी चालविणाऱ्या हाताची नावे. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांची एक गोष्ट सांगतात. महाराजांनी पत्राचा मसुदा वाचायला सांगितला. लिहायला तर सवड झाली नव्हती. बाळाजींनी कोराच कागद हाती धरला आणि पत्र अस्खलित वाचून दाखविले. कोऱ्या कागदावरून धन्याच्या मनातले वाचतो तो लेखक, असा या गोष्टीचा अर्थ. पण पत्र कितीही सुरेख उतरले, तरी वर शिक्का आणि खाली मोर्तब होईपर्यंत ती नुसती अक्षरे. शिक्कामोर्तब झाले की तो महाराजांचा हुकूम. हात चिटणिसाचा, बोल महाराजांचा. आणि हुकमाचे जे काही बरे-वाईट होईल, ते महाराजांच्या माथी.

म्हणून लेखकाचे काम हलके होते असे मात्र कोणी समजू नये. ज्याच्या नावाने आपण प्रत्येक कामाचा आरंभ करतो, तो गणपती महाभारताचा लेखकच होता. एकदा लेखणी उचलली की थांबणार नाही, अशी अट त्याने व्यासांना घातली. व्यासांनी उलट अट घातली की, अर्थ कळल्याशिवाय एकही अक्षर लिहायचे नाही. ही दुसरी अट मोठी मोलाची आहे. जगातल्या यच्चयावत लेखनिकांचा धर्म तिच्यात आला. लिहिणाऱ्याने आपले काही घालू नये, पण जे लिहितो ते समजून लिहावे.

हा धर्म मराठीत नीट मांडून ठेवला तो समर्थ रामदासांनी. दासबोधाच्या चौदाव्या दशकात कवित्वकलेचे निरूपण आहे. तेथे धीट, पाठ आणि प्रासादिक असे कवित्वाचे प्रकार सांगितले आहेत. तो समास ग्रंथ करणाऱ्यासाठी. मग एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेचा. तो लिहिणाऱ्यासाठी. एकाच ग्रंथात दोघांना दोन स्वतंत्र समास! दुसऱ्या समासातले बारकावे पाहून मास्तर मंडळींचा जीव सुखावतो. अक्षर वाटोळे, सरळ, मोकळे असावे. काना-मात्रा-वेलांटी ठाकठीक असावी. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत एकाच लेखणीने लिहिल्यासारखे दिसावे. तरुणपणी डोळे चांगले म्हणून फार बारीक लिहू नये, ते म्हातारपणी वाचता येत नाही. आणि पानाच्या चारी बाजूंनी जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही. आम्ही शाळेत मुलांना समास सोडायला सांगतो, तेव्हा मुले विचारतात, ही जागा फुकट का घालवायची? ती जागा उंदरांसाठी, वाळवीसाठी आणि काळासाठी सोडायची असते, हे उत्तर समर्थांनी तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी देऊन ठेविले आहे.

दासबोध सांगितला समर्थांनी आणि लिहिला कल्याणस्वामींनी. परांड्याजवळ सीनाकाठी डोमगावला कल्याणांचा मठ आहे. तेथे जपलेल्या त्यांच्या हातच्या प्रतीच्या आधारे धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दासबोध छापला. ग्रंथकार समर्थ; पण ग्रंथ आपल्या घरी आला तो कल्याणांच्या मनगटावरून.

मग या दोघांत खरा भेद कोणता? एकाला अक्कल आणि दुसऱ्याला अक्षर, एवढाच का? तसे असते तर हा विषय लिहिण्याजोगा नव्हता. भेद कळतो तो देहूला. तुकोबांचे अभंग लिहून घेणारे दोघे परंपरेने सांगितले आहेत, संताजी तेली जगनाडे आणि गंगाराम मवाळ. तुकोबांच्या बोलावर गहजब झाला, या शूद्राला हे बोलण्याचा अधिकार काय असे विचारले गेले, तेव्हा वह्या कोणाला बुडवाव्या लागल्या? तुकोबांना. इंद्रायणीकाठी अन्नपाण्यावाचून कोण पडून राहिले? तुकोबाच. संताजींना त्या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागले नाही. त्यांचे काम निराळे होते. बोल पुन्हा उभे करायचे, एकही अभंग हरवू द्यायचा नाही, एकही शब्द पदरचा घालायचा नाही. पुढे १८६९ आणि १८७३ साली सरकारी मदतीने इंदुप्रकाश छापखान्यात तुकोबांची गाथा दोन भागांत छापली गेली. विनायक लक्ष्मण भाव्यांनी १९२० च्या सुमारास संताजींच्या वह्यांवरून आणखी एक गाथा छापली, तिला त्यांनी 'अस्सल' असे विशेषण लावले. अस्सलपणाची ग्वाही द्यायला अडीचशे वर्षांनंतरही एका तेल्याचे हस्ताक्षर उपयोगी पडले!

तेव्हा आमच्या मते भेद आहे तो हा. बोलाबद्दल ज्याला जाब द्यावा लागतो तो ग्रंथकार. बोलाची ज्याला राखण करावी लागते तो लेखक. एक अर्थाला बांधलेला, दुसरा अक्षराला.

हे दोन्ही धर्म एकाच माणसाने पाळले, असे उदाहरण आमच्याच जिल्ह्यात आहे. आमच्या शहरापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर पैठण. तिथले एकनाथ महाराज मुलगेपणी देवगिरीला जनार्दनस्वामींकडे राहिले. स्वामी किल्ल्यावरचे अधिकारी. नाथांकडे हिशेबाचे काम होते. एका पैची चूक सापडेना म्हणून नाथ रात्रभर जागले आणि पहाटे ती सापडताच आनंदाने टाळी वाजवून उठले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. स्वामी म्हणाले, एका पैसाठी एवढे चित्त लागते, तर ते देवाकडे लाव. गोष्टीचा हा शेवट सर्वांना पाठ असतो. पण आम्हांला वाटते, नाथांनी ती पै कधी सोडलीच नाही. पुढे शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरी शुद्ध करावयास घेतली, तेव्हा तोच रात्रभर जागणारा हिशेबनीस कामाला आला. तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांनी पाठ बिघडविले होते, कोणी आपल्या ओव्या आत सरकविल्या होत्या. नाथ स्वतः केवढे कवी! एकादश स्कंधावरची त्यांची टीका काशीत पुरी होऊन अकरा वर्षे झाली होती. ज्ञानेश्वरीत आपल्या चार ओव्या घातल्या असत्या तर ओळखणार कोण होते? पण तेथे ते ग्रंथकार म्हणून बसलेच नव्हते, लेखकु म्हणून बसले होते. प्रती ताडून पाहिल्या, अशुद्ध काढले, आणि या ग्रंथात कोणी आपल्या कवितेची भर घालू नये असा इशारा शेवटी देऊन हात जोडले. मोठ्या ग्रंथकाराने दुसऱ्याच्या दारी लेखनिक होणे, यापरता विनय मराठी वाङ्मयात आम्हांला दुसरा आढळला नाही.

आणि मौज अशी की, नाथांच्या घरी याच्या उलट घडले. भावार्थ रामायण युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंत आले आणि १५९९ साली नाथांनी देह ठेवला. पुढचे रामायण पुरे केले गावबाने. हा गावबा म्हणजे पुरणपोळ्यांच्या ओढीने नाथांच्या घरी राहिलेला, गावाने अडाणी ठरविलेला पोर. त्याने ओव्या केल्या त्या स्वतःच्या, पण स्वतःचे नाव घातले नाही. मुद्रा 'एका जनार्दना'चीच चालविली, असे परंपरा सांगते. ग्रंथकार असून तो आयुष्यभर लेखकाच्या आसनावर बसला.

हा विचार केवळ आपल्याकडेच झाला असे नाही. ज्ञानेश्वरीच्या थोडे आधी, १२७४ साली, इटलीचा बोनाव्हेन्तुरा नावाचा ख्रिस्ती साधुपुरुष वारला. पोथी लिहिणाऱ्यांचे त्याने चार प्रकार केले आहेत. दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे उतरविणारा पहिला. दुसऱ्यांचे शब्द गोळा करून एकत्र मांडणारा दुसरा. दुसऱ्याचे प्रमुख धरून उकल करण्यापुरते आपले जोडणारा तिसरा. आणि आपले प्रमुख धरून आधारापुरते दुसऱ्याचे घेणारा चौथा, तोच ग्रंथकार. या हिशेबाने कल्याणस्वामी पहिल्या प्रकारात जातात. चक्रधरस्वामींच्या लीळा माणसामाणसांकडून टिपून घेणारे म्हाइंभट दुसऱ्या प्रकारात. चक्रधरांनी स्वतः एकही ग्रंथ लिहिला नाही. म्हाइंभट नसते तर मराठी गद्याचा आरंभच आपल्याला दिसला नसता. पण मग ज्ञानेश्वर? त्यांनी तर गीतेवर टीका केली. या हिशेबाने ते तिसऱ्या प्रकारचे ठरतील. बोनाव्हेन्तुराचे माप येथे थिटे पडते. ज्ञानेश्वरांना विचारले तर ते सारे श्रेय निवृत्तिनाथांना देऊन मोकळे होतात. आपल्याकडचा मोठा ग्रंथकार मालकी सांगत नाही. तो फक्त जबाबदारी घेतो.

आता या गोष्टीतला जो भाग आम्हांला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो, त्याकडे येतो. जनाबाईंच्या नावावर एक अभंग आहे. कोणत्या संताचे बोल कोणी लिहून घेतले, याची त्यात यादी आहे. ज्ञानेश्वरांचे चिदानंदबाबांनी, निवृत्तीचे सोपानाने, मुक्ताईचे ज्ञानदेवाने, सांवता माळ्याचे काशिबा गुरवाने. चोखामेळ्याचे अभंग लिहिले अनंतभट्टाने. आणि नामयाच्या जनीचे कोणी? तर खुद्द पांडुरंगाने.

ही यादी भक्तीच्या भरात वाचली तर गोड वाटते. मास्तराच्या डोळ्याने वाचली तर अंगावर काटा येतो. चोखोबांना देवळात पाऊल टाकता येत नव्हते. अक्षर तर दूरच. पण त्यांच्या बोलापुढे एक ब्राह्मण लेखणी घेऊन बसला, असे ही यादी म्हणते. जातीच्या उतरंडीत जो वर, तो येथे लेखनिक; जो सर्वांत खाली, तो ग्रंथकार. बोलाच्या दरबारात आसने उलटी झाली. आणि जनी ही दासी. दळणकांडण करणाऱ्या बाईपाशी बसून तिचे गाणे टिपून घ्यायला कोण येणार? कोणी येत नाही, म्हणून देव आला. आमच्या वस्तीचे नाव पुंडलिकनगर. पुंडलिकाने देवाला विटेवर उभे केले, हे आमच्याकडचे शेंबडे पोरही सांगेल. पण जनीने त्याला खाली बसविले आणि हाती लेखणी दिली, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. ज्याला लेखक मिळत नाही त्याचा बोल वाऱ्यावर जातो, हे दुःख त्या एका ओळीमागे आहे.

हेच दुःख पुढे महात्मा फुल्यांनी रोखठोक शब्दांत मांडले. १८७८ साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात मराठी ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले. ध्यानात घ्या, नाव 'ग्रंथकारां'चे. तोपर्यंत लेखक या शब्दाला ती प्रतिष्ठा आलेली नव्हती. १८८५ साली दुसरे संमेलन ठरले, तेव्हा फुल्यांना निमंत्रण गेले. त्यांनी येण्याचे नाकारले. जे इतर माणसांचे मानवी हक्क मान्य करीत नाहीत, त्यांच्या ग्रंथांशी आमच्या ग्रंथांचा मेळ बसणार नाही, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. ज्यांच्या हाती पिढ्यान्पिढ्या लेखणी होती, तेच ग्रंथकार म्हणून जमणार. आणि ज्यांच्या घामाचा, ज्यांच्या दुःखाचा बोल अजून कागदावरच उतरलेला नाही, त्यांचे काय? पुढे १८८८ साली फुल्यांना अर्धांगवायू झाला, उजवा हात गेला. त्यांनी डाव्या हाताने लिहून 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पुरे केले. ते छापले गेले १८९१ साली, त्यांच्या मृत्यूनंतर. सांगायला चार माणसे होती. पण ज्या बोलाचा जाब आपल्यालाच द्यायचा आहे, तो आपल्याच हाताने लिहावा, अशी त्या डाव्या हाताची जिद्द दिसते.

त्या प्रश्नाचे एक उत्तर आमच्या शहराने दिले. १९५० साली डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने येथे महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. ज्यांच्या घरात मागल्या सात पिढ्यांत दौत नव्हती, ती मुले तेथे शिकली. १९६० नंतरच्या दशकात याच शहरातून गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' हे त्रैमासिक चालविले, आणि त्यातून दलित साहित्याची मोठी फळी पुढे आली. चोखोबांना अनंतभट्टाची वाट पाहावी लागली. चोखोबांच्या वंशजांनी लेखणी स्वतःच्या हाती घेतली. बोलही त्यांचा, हातही त्यांचाच. लेखक आणि ग्रंथकार हे दोन शब्द आज एक झाले आहेत, त्यामागे छापखाना आहे, शाळा आहे. पण सर्वांत मोठे कारण हे आहे. अक्षर सर्वांचे झाले, तेव्हा बोलणाऱ्याला लिहिणारा शोधत हिंडण्याचे कारण उरले नाही.

मग जुना लेखकु आता कामावेगळा झाला का? तसे समजणारांनी खानदेशात पाहावे. बहिणाबाई चौधरींचा जन्म १८८० साली आसोद्याचा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्या गाणी रचीत. ती टिपून ठेवली त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी आणि घरच्या मंडळींनी. १९५१ साली बहिणाबाई वारल्या. ती वही आचार्य अत्र्यांनी पाहिली, हे धन जगापुढे आलेच पाहिजे असा आग्रह धरला, आणि १९५२ साली गाण्यांचे पुस्तक निघाले. सोपानदेव स्वतः नाव असलेले कवी होते. आईच्या गाण्यात आपली एखादी ओळ बसवून देणे त्यांना काय जड होते? पण आईच्या बोलापुढे ते लेखकु राहिले. पैठणच्या नाथांचा वारसा असा खानदेशात एका शेतकऱ्याच्या घरी उतरला. आणि आज जी गाणी आपल्या हाती आहेत ती तेवढीच, जेवढी कोणी टिपली. बाकीची जात्याच्या घरघरीत गेली.

जात्यावरच्या ओव्या साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये गोळा केल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून अधिक ओव्या टिपल्या, आणि मुख्य म्हणजे गाणारीचे नाव आणि गाव ओवीपाशी नोंदविले. 'लोकगीत' या शब्दाखाली कर्ती बुडून जाऊ नये, म्हणून घेतलेली ही काळजी. गाणारीचे नाव शाबूत ठेवणे हादेखील लेखकाचाच धर्म.

वाचकहो, हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा घर भरलेले असेल. मुले फटाक्यांत, मोठे फराळात. घरात एखादी आजी असेल, कोणाची मावशी असेल, जिला दळणाच्या ओव्या येतात, बाळंतिणीची गाणी येतात, दुष्काळाच्या वर्षी गावाने काय खाल्ले ते आठवते. ती कधी लेखक होणार नाही. आणि आता तिला तशी हौसही नाही. पण ग्रंथकार ती आहेच, कारण तिने भोगले त्याचा जाब तिने आपल्या देहाने दिलेला आहे. तिच्या ग्रंथाला उणीव आहे ती लेखकुची. पाडव्याला नवी वही निघेलच. तिच्या पहिल्या पानावर 'श्री' लिहावे, आजीचे नाव घालावे, तिच्याजवळ बसावे आणि ती सांगेल तसे लिहावे. समजून लिहावे. पदरचे काही घालू नये. आणि चारी बाजूंनी जागा सोडावी, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षर राहील.